बुरशीला मारणारी बुरशी आणि तीस वर्षं चुकलेलं नाव : ग्लायोटॉक्सिनचं प्रकरण

कृषी सेवा केंद्रात जाऊन ‘मर लागलीय’ म्हटलं की दुकानदार आज निमूटपणे ट्रायकोडर्माचं पाकीट पुढे करतो. हरभऱ्याच्या बियाण्याला किलोमागे चार-पाच ग्रॅम चोळायचं, किंवा शेणखतात मुरवून डाळिंबाच्या बुडाशी द्यायचं, हे आता शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडलंय. ट्रायकोडर्मा ही मातीतली हिरवी बुरशी दुसऱ्या बुरश्यांना खाते, एवढं बहुतेकांना माहीत असतं. ती नेमकी मारते कशाने, हा प्रश्न प्रयोगशाळेत पहिल्यांदा नीट विचारला गेला तो १९३०च्या दशकात, तोही लिंबूवर्गीय रोपांच्या वाफ्यापाशी. त्या शोधातून ग्लायोटॉक्सिन नावाचा पदार्थ हाती आला.

कृषी महाविद्यालयात एखादा विद्यार्थी बुरशीविरोधी बुरशी घेऊन काम करायला बसला की त्याच्यापुढे जे निर्णय येतात, ते जवळजवळ सगळे या प्रकरणात क्रमाने येऊन गेले आहेत. काही निर्णय फार चांगले निघाले. एक चुकला, आणि तो दुरुस्त व्हायला तीस वर्षं लागली. म्हणून हे प्रकरण इथे सविस्तर मांडतो आहे. रोपवाटिकावाल्यांची नावं इथे लागत नाहीत. शास्त्रज्ञांची नावं दिली आहेत ती त्यांच्या छापील लेखांवरचीच.

पार्श्वभूमी

दक्षिण कॅलिफोर्नियातलं रिव्हरसाइड हे संत्र्यांचं गाव. आपल्याकडे जसं नागपूर. तिथे कॅलिफोर्निया विद्यापीठाचं लिंबूवर्गीय फळांचं संशोधन केंद्र १९०७ पासून होतं. या झाडांच्या रोगांचे मोठे जाणकार हॉवर्ड फॉसेट तिथेच काम करत. रिचर्ड वाइंडलिंग या वनस्पतिरोगतज्ज्ञांनी तिथे रोपांच्या मरीचं काम हाती घेतलं.

संत्र्याची कलम बांधायची तर आधी बियांपासून खुंट वाढवावा लागतो. विदर्भात जंबेरी आणि रंगपूर लिंबाचं बी गादीवाफ्यावर टाकतात, तसंच तिकडेही होतं. हा वाफा म्हणजे रोगाला आयती पंगत. दाट रोपं, सतत ओल, कोवळी खोडं. रायझोक्टोनिया सोलानी ही मातीतली बुरशी रोपाला जमिनीलगत धरते. तिथली साल पाणचट आणि तपकिरी होते, खोड दोऱ्यासारखं बारीक पडतं आणि सकाळी उभं दिसलेलं रोप संध्याकाळी आडवं होतं. मग शेजारचं, मग त्याच्या शेजारचं. वाफ्यात टकलासारखी गोल रिकामी ठिगळं दिसू लागतात.

रायझोक्टोनियाची खोड अशी की ती सहसा बीजाणू करत नाही. धाग्यांनी पसरते, आणि धाग्यांच्या कडक गुठळ्या करून मातीत दबा धरून बसते. पानांवरच्या रोगाला फवारणी चालते, तशी हिला चालत नाही, कारण फवारा पोचणारच कुठे?

अडचण

त्या काळी वाफ्याची माती वाफेने किंवा फॉर्मॅलिनने निर्जंतुक करायची पद्धत होती. पहिल्या खेपेला चांगला परिणाम दिसे. पण एकदा माती मोकळी झाली की त्यात पुन्हा शिरणाऱ्या पहिल्या बुरशीला सगळं रान मोकळं. ती रायझोक्टोनिया असेल, तर न भाजलेल्या मातीपेक्षा नुकसान जास्त. ओसाड घरात चोराचं फावतं तसंच हे. मातीत इतर जीव असतात तेव्हा ते कुणाला तरी अडवून धरत असतात, हे यातून उलट बाजूने कळत होतं.

मग ते अडवणारे कोण, आणि त्यांना कामाला लावता येईल का? १९२१ मध्ये कार्ल हार्टली यांनी अमेरिकेतल्या वनखात्याच्या रोपवाटिकांत इतर बुरश्या मुद्दाम मिसळून पाहिल्या होत्या. कल्पना नवी नव्हती, पण ती ‘मिसळा आणि बघा’ या पातळीवर होती. कोण कुणाला कसं मारतं, हे कुणी उलगडलं नव्हतं.

समोर आलेले पर्याय

वाइंडलिंग यांच्यापुढे ढोबळमानाने तीन वाटा होत्या. माती निर्जंतुक करण्याची पद्धत सुधारत राहायचं. मारक बुरशी वाढवून थेट वाफ्यात टाकायची आणि रोपं मोजायची. किंवा काही काळ वाफा बाजूला ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली दोन बुरश्यांची गाठ घालून बघत बसायचं.

तिसरी वाट रोपवाटिकावाल्याला तातडीने काहीच देत नाही. खत-औषधाचा सल्ला मागायला आलेल्या माणसाला ‘थांबा, आम्ही आधी बघतोय’ असं सांगणं जड जातं. तरीही वाइंडलिंग यांनी ती वाट घेतली. या साऱ्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय मला हाच वाटतो.

काय केलं : पाहणं

१९३२ मध्ये त्यांचा पहिला लेख आला. त्यात त्यांनी आपल्या हिरव्या बुरशीला ट्रायकोडर्मा लिग्नोरम म्हटलं आणि ती मातीतल्या इतर बुरश्यांवर परजीवी म्हणून जगते असं दाखवलं. ट्रायकोडर्माचे बारीक धागे रायझोक्टोनियाच्या जाड धाग्याला, वेल काठीला वेढते तसे, वेटोळे घालतात. काही आत शिरतात. जाड धाग्यातला जीवरस आकसतो, विस्कटतो आणि शेवटी पोकळ नळी उरते. पिथियम, फायटोफ्थोरा, स्क्लेरोशियम रॉल्फसी या मातीतल्या इतर रोगकारक बुरश्यांवरही ती हल्ला करते, हेही त्यांनी नोंदवलं.

हे दृश्य इतकं बोलकं आहे की तिथेच थांबावंसं वाटतं. वेटोळं घातलं, गळा आवळला, मेला. आजही ट्रायकोडर्मावरच्या पोस्टरवर वेटोळ्याचाच फोटो असतो. वाइंडलिंग थांबले नाहीत. वेढा घालणं हेच मारण्याचं कारण आहे, की आधीच मेलेल्या किंवा मरणाऱ्या शत्रूभोवती पडलेला तो वेढा आहे, हे नुसत्या फोटोवरून ठरत नाही.

काय केलं : गाळणं

याचा निकाल लावायची रीत साधी आहे. बुरशी द्रव खाद्यात वाढवायची, मग बुरशी गाळून काढून टाकायची आणि उरलेल्या द्रवात शत्रूचे धागे ठेवायचे. बुरशी नसतानाही ते मेले, तर मारणारी गोष्ट द्रवात आहे.

१९३४च्या लेखात वाइंडलिंग यांनी हेच दाखवलं आणि त्या अदृश्य गोष्टीला ‘मारक तत्त्व’ म्हटलं. पण ते तत्त्व मोठं लहरी होतं. एका खेपेला द्रव जहाल, दुसऱ्या खेपेला निरुपयोगी. अशा वेळी बरेच जण प्रयोग चुकला समजून तो सोडून देतात. त्यांनी लहरीपणाचाच अभ्यास केला. द्रव आम्ल असला तर तत्त्व टिकतं, अल्कलीकडे झुकला की झपाट्याने नष्ट होतं. बुरशीला भरपूर हवा मिळाली तर ते तयार होतं, कोंडली तर नाही. कोवळ्या वाढीत मिळतं, जुन्या कल्चरमध्ये उरत नाही.

आज कारण माहीत आहे. ग्लायोटॉक्सिनच्या रेणूत गंधकाचे दोन अणू एकमेकांचा हात धरून पुलासारखे बसलेले असतात. सगळी करामत त्या पुलाची. तो शत्रूच्या प्रथिनांतल्या गंधकाला जाऊन चिकटतो आणि त्यांचं काम बंद पाडतो. शिवाय पूल तुटत-जुळत राहताना पेशीत घातक ऑक्सिजन-संयुगंही तयार होतात. अल्कलीत मात्र हाच पूल टिकत नाही. वाइंडलिंग यांना रेणू ठाऊक नव्हता, पण त्याची दुखरी बाजू त्यांनी फक्त लिटमस आणि धीर यांच्या बळावर शोधून काढली.

निर्णयाची वेळ : वाफ्यात काय टाकायचं?

इथे हाती दोन गोष्टी होत्या. एक जिवंत बुरशी, आणि दुसरी म्हणजे तिचं हत्यार आम्लात चालतं ही माहिती. बुरशी बाटल्यांत वाढवून वाफ्यात ओतणं हे डोळ्यांत भरणारं काम झालं असतं. १९३६ मध्ये वाइंडलिंग आणि फॉसेट यांनी लिंबूवर्गीय रोपांवरचे प्रयोग छापले, त्यात भर मातीवर होता. पीट (दलदलीतला कुजलेला वनस्पतींचा थर) किंवा ॲल्युमिनियम सल्फेट मिसळून वाफा आम्ल केला की रोपमर आटोक्यात येत होती. आम्ल मातीत ट्रायकोडर्मा फोफावतोच, आणि त्याचं हत्यारही तिथे टिकतं.

पाहुणा आणण्याऐवजी घरातल्याच राखणदाराला सोयीचं वातावरण द्यायचं, हा विचार मला फार आवडतो. पण तो जशाच्या तसा उचलता येत नाही, आणि हे सांगायलाच हवं. विदर्भातल्या काळ्या, चुनखडीच्या मातीचा सामू (आम्ल-अल्कलीचं माप, pH) बहुतेक ठिकाणी सातच्या वर, साडेसात-आठच्या घरात असतो. चुना इतका असतो की थोडंफार आम्ल टाकलं तरी तो गिळून टाकतो. रिव्हरसाइडच्या वाफ्यात जी युक्ती चालली, ती नागपूरकडच्या जंबेरीच्या वाफ्यावर चालवायची तर ती जमिनीत नव्हे, पिशवीतल्या तयार मिश्रणातच शक्य आहे. रोग तोच, झाड तेच, बुरशी तीच, आणि तरी माती बदलली की उत्तर बदलतं.

काय केलं : स्फटिक

त्याच १९३६ मध्ये वाइंडलिंग यांनी रसायनतज्ज्ञ ऑलिव्हर इमर्सन यांना जोडीला घेऊन तो विषारी पदार्थ द्रवातून वेगळा काढला आणि त्याचे स्फटिक मिळवले. रोगतज्ज्ञाने योग्य वेळी रसायनतज्ज्ञाचं दार ठोठावलं, हा या प्रकरणातला दुसरा चांगला निर्णय. ‘मारक तत्त्व’ हा शब्द जाऊन वजन करता येईल असा पदार्थ आला. स्फटिक हातात आला की वाद मिटतात, कारण मग त्याचं प्रमाण ठरवून शत्रूला देता येतं आणि परिणाम मोजता येतो.

पुढे कॉर्नेल विद्यापीठात जॉन जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी १९४३ पासून त्याचं रसायन तपासलं. रेणूत कार्बनचे १३, हायड्रोजनचे १४, नायट्रोजनचे २, ऑक्सिजनचे ४ आणि गंधकाचे २ अणू. छोटासाच रेणू, पण रचना सांगायला १९५८ उजाडलं, आणि क्ष-किरणांनी तिच्यावर शिक्कामोर्तब व्हायला १९६६. एवढ्याशा रेणूला तीस वर्षं का लागली? कारण तेव्हा रेणू हळूहळू तोडून तुकड्यांवरून अंदाज बांधावा लागे, आणि हा रेणू गंधकाच्या पुलामुळे भलतेच तुकडे देई.

घोटाळा : नाव

आता चुकलेल्या निर्णयाकडे येऊ. १९३२ मध्ये बुरशीला ट्रायकोडर्मा लिग्नोरम म्हटलं गेलं होतं. काही वर्षांत वाइंडलिंग यांना शंका आली, आणि मारक पदार्थ बनवणारी बुरशी म्हणजे ग्लायोक्लॅडियम फिम्ब्रिएटम असा नवा निष्कर्ष निघाला. त्या नावावरूनच ‘ग्लायोटॉक्सिन’ हे नाव पडलं.

मग इंग्लंडमधून उलटी बातमी आली. आयसीआय या रसायन कंपनीच्या संशोधन केंद्रात पर्सी ब्रायन यांनी १९४४ मध्ये ट्रायकोडर्मा व्हिरिडी ग्लायोटॉक्सिन बनवते असं छापलं. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि मॅकगोवन यांनी त्याच नावाच्या बुरशीतून व्हिरिडिन हा दुसरा जहाल पदार्थ काढला. इतर प्रयोगशाळांनी आपापली ट्रायकोडर्मा व्हिरिडी वाढवली, तर हाती काहीच येईना. कुणाच्या तंत्रात खोट आहे, यावर शंकाकुशंका.

दोष एकट्याचा नव्हता. १९३९ मध्ये बिस्बी या बुरशीतज्ज्ञांनी ट्रायकोडर्माची खरं तर एकच जात आहे, व्हिरिडी, असं मांडलं होतं आणि ते सर्वमान्य झालं होतं. हिरवी, झपाट्याने वाढणारी, मातीतली दिसली की ‘व्हिरिडी’. आज ट्रायकोडर्माच्या तीनशेहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. तेव्हा त्या सगळ्या एकाच पोत्यात होत्या, आणि पोत्यावर लिहिलेल्या नावाने प्रयोग छापले जात होते.

घोटाळा सोडवला तो जॉन वेबस्टर आणि लोमॅस यांनी, १९६४ मध्ये. त्यांच्या लेखाचं शीर्षकच प्रश्नार्थक होतं : ट्रायकोडर्मा व्हिरिडी ग्लायोटॉक्सिन आणि व्हिरिडिन बनवते का? त्यांनी नवे युक्तिवाद केले नाहीत. हे पदार्थ बनवणारे म्हणून ओळखले जाणारे जिवंत वाण मिळवले, वाढवले आणि बीजाणू कसे धरतात ते शांतपणे पाहिलं. उत्तर निघालं, नाही. ते वाण ग्लायोक्लॅडियम व्हायरेन्स होते. ही जात १९५०च्या दशकाच्या अखेरीस कुठे वेगळी वर्णिली गेली होती, म्हणजे वाइंडलिंग यांच्या वेळी तिला नावच नव्हतं. पुढे १९८०च्या दशकात तिला ट्रायकोडर्मातच हलवलं गेलं आणि आज ती ट्रायकोडर्मा व्हायरेन्स आहे. वाइंडलिंग यांचं पहिलं नाव जातीत चुकलं, पण कुळात बरोबर ठरलं.

जुने वाण कुणीतरी नळ्यांत जिवंत ठेवले होते म्हणून हे शक्य झालं. लेखांच्या ढिगातून हा गुंता सुटला नसता.

निर्णयाची वेळ : औषध की शेती?

१९४०च्या दशकात पेनिसिलिनमुळे बुरशीतून येणाऱ्या प्रत्येक पदार्थाकडे औषध म्हणून पाहिलं जाऊ लागलं. ग्लायोटॉक्सिन जिवाणू आणि बुरशी दोघांना मारत होतं. पण प्राण्यांनाही ते सोसत नव्हतं. त्याच काळात ॲस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशीही ग्लायोटॉक्सिन बनवते हे कळलं, आणि पुढे, विशेषतः १९८०च्या दशकापासून, हा पदार्थ आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी बंद पाडतो हे दिसत गेलं. ॲस्परजिलस दुबळ्या माणसाच्या फुफ्फुसात शिरते तेव्हा हे हत्यार तिच्या उपयोगी पडतं. बुरशी स्वतः मात्र या विषाने मरत नाही. तिच्याकडे गंधकाचा पूल पुन्हा जोडून ठेवणारं एक खास प्रथिन असतं, आणि विष बनवणाऱ्या जनुकांच्या गटातच त्याचं जनुक बसलेलं असतं.

औषधाची वाट बंद झाली, पण शोधाचा धागा तुटला नाही. ब्रायन यांच्या गटाला मुळात इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यातल्या वेअरहॅम इथल्या माळावर पाइनची रोपं का खुरटतात हे शोधायचं होतं. तिथल्या आम्ल मातीत पाइनच्या मुळांशी राहणाऱ्या उपयोगी बुरशीला काहीतरी मारत होतं, आणि ग्लायोटॉक्सिन बनवणाऱ्या बुरश्या तिथे सापडल्या. त्याच मातीतल्या एका पेनिसिलियमने बुरशीचे धागे विचित्र कुरळे करणारा पदार्थ दिला. तो निघाला ग्रिसिओफुल्विन, जो दुसऱ्या गटाने १९३९ मध्येच वेगळा काढून ठेवला होता, पण ज्याचा उपयोग कुणाला उमगला नव्हता. १९५८ पासून गजकर्णावरची पोटात घ्यायची गोळी म्हणून तो माणसाच्या कामी आला. खुरटलेल्या पाइनपासून गजकर्णाच्या गोळीपर्यंतचा हा प्रवास कुणी आखलेला नव्हता. एक बुरशी दुसरीचं काय करते हे कुणीतरी काचेवर नीट पाहिलं, एवढंच.

शेतीत मात्र स्फटिक नव्हे, जिवंत बुरशीच चालली. टिकाऊपणा नसलेलं, प्राण्यांना विषारी असलेलं रसायन बाटलीत भरून विकणं परवडणारं नव्हतं. बुरशी ते मुळापाशी, लागेल तेवढंच, जागच्या जागी बनवते आणि ते मातीत फार टिकतही नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल इथल्या केंद्रात निवडलेला ग्लायोटॉक्सिन बनवणारा वाण १९९०च्या सुमारास रोपमरीवरचं नोंदणीकृत उत्पादन म्हणून बाजारात आला. साठ वर्षांपूर्वी ज्या रोगापासून सुरुवात झाली, त्याच रोगावर. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राने गॅमा किरणांचा वापर करून ट्रायकोडर्मा व्हायरेन्सचाच सुधारित वाण तयार केला.

निष्पत्ती : हत्यार खरंच वापरलं जातं का?

पदार्थ मिळाला, रचना कळली, बुरशीचं नावही लागलं. तरी मूळ प्रश्न उरलाच होता. काचेच्या डिशमध्ये बुरशी हे विष बनवते, पण मातीत रोप वाचतं ते याच विषामुळे का?

टेक्सासमध्ये कपाशीवर काम करणाऱ्या चार्ल्स हॉवेल आणि रॉबर्ट स्टिपॅनोविक यांनी याचा पिच्छा पुरवला. १९८३ मध्ये त्यांनी याच बुरशीतून ग्लायोव्हिरिन हा आणखी एक पदार्थ काढला. मग लक्षात आलं की एकाच जातीचे दोन प्रकारचे वाण आहेत. एक ग्लायोटॉक्सिन बनवतो आणि रायझोक्टोनियाला आवरतो, दुसरा ग्लायोव्हिरिन बनवतो आणि पिथियमला आवरतो. म्हणजे नुसतं जातीचं नाव बरोबर असूनही भागत नाही, वाण कोणता तेही सांगावं लागतं.

त्याहून मोठा धक्का १९९५ मध्ये बसला. त्यांनी ग्लायोटॉक्सिन बनवू न शकणारे बदललेले वाण तयार केले आणि कपाशीच्या बियाण्याला लावले. रायझोक्टोनियापासून रोपं तरीही वाचली. वेटोळे घालून खाण्याची क्षमता गमावलेले वाणही रोपं वाचवत होते. २०००च्या आसपास त्यांनी दाखवलं की ही बुरशी मुळावर वसली की कपाशी स्वतःच संरक्षक रसायनं बनवू लागते. मग ग्लायोटॉक्सिन निरुपयोगी? तसंही नाही. २०१४ मध्ये ते बनवणारं जनुकच काढून टाकलेले वाण तपासले, तेव्हा पिथियम आणि स्क्लेरोटिनिया या रोगकारक बुरश्यांपुढे त्यांची धार बोथट झालेली दिसली. शत्रू कोण, पीक कोणतं, वाण कुठला, यावर उत्तर फिरतं.

मला हे वाचून निराशा वाटत नाही. उलट बुरशीवर जगणाऱ्या बुरश्या रसायनांच्या शोधासाठी इतक्या समृद्ध जागा का आहेत ते यातून कळतं. त्यांना एकाच युक्तीवर पोट भरता येत नाही. ट्रायकोडर्माच्याच काही जातींना खोबऱ्याचा वास येतो, आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तो वास पेंटिल-पायरोन या बुरशीविरोधी, उडून जाणाऱ्या पदार्थाचा असल्याचं कळलं. शत्रूच्या पेशीच्या पडद्याला भोकं पाडणारी अलामेथिसिनसारखी छोटी प्रथिनं याच कुळाने दिली. पानं कापणाऱ्या मुंग्यांच्या बुरशीच्या बागेवर धाड घालणारी एस्कोव्हॉप्सिस वेगळीच रसायनं बनवते. प्रत्येकीकडे हत्यारांचा गठ्ठा आहे, आणि ती डिशमध्ये एकटी असताना त्यातली बरीचशी हत्यारं म्यानातच राहतात.

वेगळं काय करता आलं असतं

वाइंडलिंग यांना जनुकवाचन उपलब्ध नव्हतं, त्यामुळे त्यांना दोष देणं अन्यायाचं होईल. पण नाव ठरवण्याआधी त्याच बुरशीचे नमुने तीन-चार तज्ज्ञांकडे जिवंत पाठवले गेले असते आणि ‘ओळख अनिश्चित’ असं लेखात स्पष्ट लिहिलं असतं, तर नंतरच्यांनी ‘व्हिरिडी’ नावामागे धावण्यात वर्षं घालवली नसती. आज हेच काम करणाऱ्याने एका जनुकाच्या तुकड्यावर विसंबू नये. बुरशी ओळखायला नेहमी वाचला जाणारा आयटीएस हा डीएनएचा तुकडा ट्रायकोडर्माच्या जवळच्या जातींत फरक करत नाही, टीईएफ-१ जनुक तरी सोबत वाचावं लागतं. आणि वाण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय बुरशी संग्रहासारख्या ठिकाणी जमा करावा. लेख छापून झाल्यावर नव्हे, पहिला मारक परिणाम दिसला त्या आठवड्यातच. फ्रीजमधली नळी सुकते, विद्यार्थी नोकरीला लागतो, पुन्हापुन्हा वाढवलेली बुरशी आपलं हत्यार विसरते.

दुसरी गोष्ट विषारीपणाची. स्फटिक १९३६ मध्ये हातात होते, पण प्राण्यांवरचा परिणाम पुढच्या दशकात औषधाच्या आशेने तपासला गेला. आधी कळलं असतं, तर पदार्थ नको, बुरशी हवी, हा निर्णय कदाचित लवकर झाला असता. नवा पदार्थ मिळाला की आपल्याकडेही आधी ‘किती बुरश्या मरतात’ याचे लांबलचक तक्ते होतात. माणसाच्या पेशींवरची साधी चाचणी शेवटी, पैसे उरले तर. ती पहिल्या महिन्यात करावी. त्याआधी, तो पदार्थ आधीच कुणाला सापडलेला नाही ना, हे वस्तुमानावरून पडताळावं. ट्रायकोडर्मा व्हायरेन्सच्या अर्कात ३२६ वस्तुमानाचं, दोन गंधक असलेलं, म्हणजे ग्लायोटॉक्सिनसारखंच काही दिसलं, तर नव्या शोधाचा आनंद थोडा आवरलेला बरा.

तिसरी गोष्ट म्हणजे न बनवणाऱ्या वाणाची तुलना. विष न बनवणारा जोडीदार वाण १९९०च्या दशकापर्यंत या प्रश्नावर कुणी नीट कामाला लावला नव्हता. गॅमा किंवा अतिनील किरणांनी बदललेले वाण त्याआधीही काढता आले असते. आपल्याकडच्या प्रबंधांत अजूनही डिशमध्ये शत्रू बुरशी वाढली नाही त्या रिकाम्या पट्ट्यावरून थेट शेतातल्या यशापर्यंत उडी मारलेली दिसते. मधला पूल बांधायला असा वाण लागतो.

नावाचा घोटाळा तर इतिहासजमा झालेलाच नाही. भारतात सर्वाधिक वापरला जाणारा ‘ट्रायकोडर्मा व्हिरिडी’ म्हणून दक्षिणेतल्या एका कृषी विद्यापीठाचा वाण प्रसिद्ध होता. २०१३ मध्ये नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या आणि भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या संशोधकांनी तो पुन्हा तपासला. तो व्हिरिडी नव्हताच, ट्रायकोडर्मा ॲस्पेरेलॉइड्स होता. वेबस्टर आणि लोमॅस यांनी एकोणपन्नास वर्षांपूर्वी विचारलेलाच प्रश्न, त्याच शब्दाभोवती. दुकानातल्या अनेक पाकिटांवर मात्र अजून व्हिरिडी हेच छापलेलं असतं. त्यामुळे आठ सामूच्या मातीत जंबेरीच्या रोपांपाशी पाकिटातली बुरशी नेमकं काय बनवते, हे विचारायचं तर पाकीट फोडून, बुरशी वेगळी करून, तिचं नाव पहिल्यापासून लावायला बसावं लागतं.